पाठ बघणारा माणूस

अप्पांच्या पुढ्यात कुठलीही वस्तू ठेवा, ते आधी तिची पाठ बघतात. टीव्ही असो, फ्रीज असो, शिवणयंत्र असो, नाहीतर लग्नपत्रिका असो. पत्रिका आली की उलटी करून आधी छापखान्याचं नाव वाचायचं आणि मग मुहूर्त, असा नेम. शेजाऱ्यांकडे नवा सोफा आला तेव्हा सगळी आळी त्यावर बसून बघत होती आणि अप्पा सोफा आणि भिंत यांच्या फटीत मान घालून उभे होते. ‘‘मागे नुसतं कापड ठोकलंन मेल्यानं,’’ एवढंच बोलले. त्यानंतर पंधरा दिवस त्या सोफ्यावर कुणी नीट टेकून बसलं नाही.

नाव सांगत नाही. रत्नागिरीत भर बाजारात ‘अप्पा!’ अशी हाक मारली तर निदान सहा माणसं वळून बघतात. आमचे अप्पा सातवे, तेव्हा ओळख पटायची भीती नाही.

पूर्वी राम आळीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि सोल्डरचा वास. मर्फी, बुश, फिलिप्स हे त्यांचे रोगी. त्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना पाठ अशी नसायचीच. भोकं पाडलेला एक पुठ्ठा चार स्क्रूंवर लटकवलेला असायचा आणि चारातले दोन स्क्रू कायम हरवलेले. व्हॉल्व्ह तापायचे, त्यांना वारा हवा असायचा, आणि पावसाळ्यात त्या उबेला आळीतल्या समस्त पाली मुक्कामाला यायच्या. रेडिओ उघडला की आधी पाल पळते आणि मग बिघाड दिसतो, हे अप्पांचं तांत्रिक शिक्षण. पुढे व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, मग दुरुस्त करण्यापेक्षा टाकून दिलेलं स्वस्त पडू लागलं, आणि दुकान उठून घराच्या ओटीवर आलं. तिथे झोपाळ्याखाली, कोनाड्यात, खुंट्यांवर ते अजून पसरलेलं आहे. काकू रोज सकाळी त्याला वळसा घालून केर काढतात.

अप्पांच्या आयुष्यात गिटार आली ती माझ्या भाच्यामुळे, म्हणजे मूळ दोष माझ्याकडे येतो. भाचा गोगटे-जोगळेकर कॉलेजात होता आणि त्या वयात होणारे जे दोन-तीन आजार असतात त्यांतला गिटारचा आजार त्याला झाला होता. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर डासाएवढी ऐकू येते. तिला ॲम्प लागतो, आणि ॲम्पला स्पीकरचं खोकं. भाच्याचा ॲम्प आणि खोकं एकातच होतं, ब्रेडच्या दोन मोठ्या लाद्यांएवढं. त्यातून खरखर येऊ लागली म्हणून मी ते पिशवीत घालून अप्पांकडे नेलं.

अप्पांनी ते पिशवीतून काढलं आणि अर्थातच उलटं केलं. मागे वरच्या अंगाला एक अरुंद फळी, खाली मोकळं. आत स्पीकरचं लोहचुंबक दिसत होतं.

‘‘पाठ उघडी आहे,’’ अप्पा म्हणाले.

‘‘बिघाड तोच का?’’

वेदपाठशाळेत जाऊन कुणी ‘वेद एकूण किती?’ असं विचारल्यावर गुरुजी ज्या नजरेने बघतील त्या नजरेने अप्पांनी माझ्याकडे बघितलं. बिघाड एका सुटलेल्या तारेचा होता, तो पाच मिनिटांत निघाला. पुढचे दोन तास पाठीवर गेले.

अप्पांनी आत जाऊन देवापुढची निरांजन आणली, पेटवली आणि खोक्याच्या मागे चार बोटांवर ठेवली. ‘‘जाड तार छेड,’’ भाच्याला म्हणाले. भाच्याने छेडली. ज्योत दचकल्यासारखी झाली आणि थरथरत राहिली. मग अप्पांनी जेवायचा फणसाचा पाट आणून खोक्याच्या पाठीला गच्च दाबून धरला. ‘‘छेड.’’ ज्योत समईसारखी स्थिर. पण आवाज बदलला होता, हे मलासुद्धा कळलं, आणि माझा संगीताचा कान म्हणजे एस.टी.चा भोंगा ओळखण्यापुरताच आहे. मघाशी आवाज ओटीभर पसरला होता, कौलांतून, खिडकीतून, कुठूनही येतोय असं वाटत होतं. पाट लावल्यावर तो गोळा झाला, जड झाला, आणि सरळ माझ्या पोटावर येऊन बसला.

‘‘पाठीला पाट,’’ अप्पा म्हणाले. हा विनोद ते तेव्हापासून आजतागायत करतात.

‘‘अहो, निरांजन कुठे गेली?’’ आतून काकू.

‘‘शास्त्राला लागलीय गो!’’

शास्त्र असं आहे, आणि ते अप्पांच्याच शब्दांत सांगितलेलं बरं, कारण माझ्या शब्दांत सांगितलं तेव्हा त्यांनी तीनदा दुरुस्त केलं. स्पीकरचा कागदी कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा ढकलतो आणि त्याच क्षणी मागची हवा ओढतो. म्हणजे एका पडद्याला दोन आवाज, आणि दोघांचं सवतींसारखं: एकीने हो म्हटलं की दुसरी नाही म्हणणार. पाठ उघडी असेल तर मागची सवत खोक्याला वळसा घालून पुढे येते आणि दोघी भेटल्या की एकमेकींना खोडून काढतात. पण सगळ्याच सुरांचं असं होत नाही. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला 82 वेळा थरथरतो. आवाज सेकंदाला 340 मीटर चालतो. भागाकार केलात तर त्याची एक लाट चार मीटरच्या वर भरते. ‘‘म्हणजे आमची ओटी, उंबऱ्यापासून झोपाळ्याच्या पलीकडच्या कडीपर्यंत. मोजून घे.’’ (मी मोजली. चार मीटर आणि वर चार बोटं.) एवढ्या लांब लाटेला वीतभर खोलीच्या खोक्याला वळसा घालणं म्हणजे काहीच नाही, म्हणून खर्ज मरतो. पण वरचे टोकदार सूर, 5000 हर्ट्झच्या आसपासचे, त्यांची लाट हापूस आंब्याच्या रुंदीएवढी. त्या बिचाऱ्या वळत नाहीत, पुढच्या पुढे जातात आणि मागच्या मागे. मागे गेलेल्या भिंतीवर आपटून उशिरा परत येतात, म्हणून आवाज मोकळा, हवेशीर, खोलीभर झाल्यासारखा वाटतो.

पाठ बंद केली की मागच्या सवतीला माहेरी कोंडल्यासारखं होतं. खर्ज खोडायला कुणी येत नाही. शिवाय आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. सायकलचा पंप घ्या, तोंडावर बोट ठेवा आणि दट्ट्या दाबा. दट्ट्या परत उसळतो की नाही? तसा कोन आवरला जातो, सूर घट्ट, ठोस येतो आणि समोरच्याच्या अंगावर जातो. बाजूला उभ्या असलेल्याला मात्र त्यातलं फारसं मिळत नाही.

एवढं सगळं ज्यांना येतं त्यांना गिटार येत असेल असा तुमचा समज होईल. अप्पांना ती जाड तार छेडण्यापलीकडे काही येत नाही. मी एकदा तसं सुचवलं. त्यांचं उत्तर तयार होतं. कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाचं गाव आहे. तिथे लिओ फेंडर नावाच्या माणसाने 1938 साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. त्यातून पुढे जगभर वाजणाऱ्या फेंडर गिटारी आणि ॲम्प निघाले. त्या लिओला आयुष्यभर गिटार वाजवता आली नाही. ‘‘आणि त्याच्या ट्विन रिव्हर्ब ॲम्पची पाठ बघ. उघडी! का? रेडिओवाला होता म्हणून. व्हॉल्व्हला वारा हवा, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.’’ पुढे हलक्या आवाजात, ‘‘फुलर्टनला पाली आहेत की नाहीत, ते ठाऊक नाही.’’

बंद पाठीचा पुढारी म्हणजे इंग्लंडातला जिम मार्शल. तो तर गिटारवाला नव्हेच, ड्रम शिकवणारा. लंडनच्या हॅनवेलमध्ये त्याचं वाद्यांचं दुकान होतं. 1962 साली तिथून त्याचा पहिला ॲम्प बाहेर पडला आणि त्याच्याबरोबर चार बारा-इंची स्पीकरांचं बंद पाठीचं खोकं. ‘द हू’ ह्या बँडचा पीट टाउनशेंड याला त्याहून मोठा आवाज हवा होता, म्हणून मार्शलने आठ स्पीकरांचं एकच खोकं केलं. ते उचलता उचलता हमालांनी हात टेकले. मग चार-चारची दोन खोकी एकावर एक रचायची पद्धत आली.

ही हमालांची गोष्ट आमच्या दाजींना फार आवडते. दाजी म्हणजे सुतार, आणि अप्पांचं आयुष्यभराचं दुखणं. अप्पांनी कागदावर खोकं काढायचं आणि दाजींनी ते बनवायचं, असा व्यवहार. पण दाजी कट्टर बंद पाठीचे. त्याला ध्वनिशास्त्राचा काही आधार नाही. ‘‘बिनपाठीचं कपाट माझ्या हातून आजवर गेलं नाही,’’ ते म्हणतात. ‘‘लोक म्हणतील सुताराने फळी खाल्लानं.’’ अप्पांनी त्यांना लाटा, सवती, पंप, सगळं समजावलं. दाजींनी तंबाखू मळत शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘‘मग पाठीची फळी किती जाडीची घालू?’’

लाकडावरूनही वाद. अप्पांना फणस हवा, कारण पाटाचा अनुभव चांगला होता. दाजी म्हणाले, फणस देवघराला ठेवा, ह्याला मरीन प्लाय, 18 मिलिमीटर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, साधं प्लाय श्रावणात पुस्तकासारखं उलगडतं. इथे अप्पा गप्प बसले. दाजींचा रंधा जिथे चालतो तिथे अप्पा बोलत नाहीत, एवढी समज दोघांत आहे.

एव्हाना अप्पांची दृष्टी खोक्यापुरती राहिली नव्हती. सगळं जग त्यांना दोन जातींत दिसू लागलं. पडवी उघड्या पाठीची, माजघर बंद पाठीचं. गाभारा बंद पाठीचा, म्हणून तिथे हळू म्हटलेलं स्तोत्रही छातीत घुमतं. आंब्याची पेटी उघड्या पाठीची, पट्ट्यांमधून वारा खेळतो म्हणून. थिबा राजवाड्याच्या पटांगणात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो तेव्हा गाव गाणाऱ्याच्या समोर बसतं आणि अप्पा स्पीकरांच्या मागे काळोखात फिरत असतात. एकदा मी त्यांना शोधायला गेलो तर राजवाड्याकडे बघत उभे होते.

‘‘ह्या थिबा राजाला 1885 ला मंडालेहून उचललंन आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलंन. 1916 ला इथेच गेला. तीस वर्षं! आवाज बाहेर गेला नाही. बंद पाठ. आता उलटं बघ. टिळक जन्मले इथे, ह्या गावात. त्यांना नेऊन घातलंन मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं. पण इंग्रज पाठीला फळी मारायला विसरला. गीतारहस्य बाहेर आलं की नाही?’’

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पण ह्या सिद्धान्ताला उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

माणसांचंही तसंच. काकू बंद पाठीच्या, असं ते सांगतात. म्हणजे काकू बोलतात ते समोरच्यावरच जातं. शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही, पण समोरच्याच्या बरगडीत बसतं. स्वतःविषयी अप्पा बोलत नाहीत, म्हणून मला बोलावं लागतं. अप्पा पूर्ण उघड्या पाठीचे. त्यांना सांगितलेली खाजगी गोष्ट पुढच्या दाराने आणि मागच्या दाराने एकाच वेळी बाहेर पडते, आणि पुढून जाते तिच्या बरोबर उलटी मागून जाते. त्यामुळे आळीत फिरून दोन्ही भेटतात, एकमेकींना खोडतात आणि शेवटी कुणाला काहीच कळलेलं नसतं. गुपितं ठेवायला अप्पांसारखा सुरक्षित माणूस नाही.

बेंजोचं प्रकरण मात्र त्यांच्या अंगाशी आलं. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हे. 1912 साली जपानात नागोयाला गोरो मोरिता नावाच्या माणसाने टंकयंत्रासारखी बटणं लावलेलं तारवाद्य काढलं, ताइशोगोतो; तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झालं आणि त्याला वायर लागली की कोकणात बेंजो. गणपती असो, हळद असो, बेंजो पार्टीशिवाय पान हलत नाही. अशाच एका पार्टीच्या मुलांना टेम्पोवर ठेवायला खोकी हवी होती. अप्पांनी त्यांना दोन मोठी खोकी करून दिली, उघड्या पाठीची. ओटीवर वाजवून बघितली तेव्हा पोरं खूश. बेंजो कसा मोकळा झाला होता! बटणांची टकटकसुद्धा गोड लागत होती.

मिरवणूक मांडवीला समुद्रासमोर आली आणि बेंजोच्या खालच्या तारा ऐकू येईनाशा झाल्या. वाजत होत्या, वाजवणारा जीव तोडून वाजवत होता, पण समोर येत होती ती नुसती किणकिण, त्यातही वाऱ्याची बाजू बदलली की ती मिऱ्याच्या दिशेने जायची. टेम्पोत मागे भिंत नाही, वर कौलं नाहीत, परत यायला काही नाही. पार्टीचा म्होरक्या खाली उतरून अप्पांना शोधू लागला. अप्पा गर्दीत होतेच. तेही पाठच बघत चालले होते, टेम्पोची. त्यांनी तिथेच, ताशाच्या गजरात, लाट चार मीटरची कशी होते हे त्याला समजवायला घेतलं. म्होरक्याने अर्ध्या मिनिटात टेम्पोवरची ताडपत्री ओढली, घडी करून खोक्यांच्या पाठीवर करकचून बांधली. खर्ज थोडा परत आला. मजुरीचे उरलेले पैसे मात्र आले नाहीत.

अप्पा दोन दिवस झोपाळ्यावर गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की ह्या गणपतीत आळीच्या मंडपात परीक्षा होईल. पडद्यामागे दोन खोकी, एक उघडं, एक बंद. भाचा गिटार वाजवेल. लोकांनी सांगायचं कुठलं बरं. दाजींनी आनंदाने पाठीची फळी कापली. बंद खोक्यात आत काहीतरी मऊ भरावं लागतं, नाहीतर आवाज आतल्या आत डब्यासारखा वाजतो. परदेशात त्याला वेगळाले तंतू मिळतात. अप्पांनी आधी नारळाची सोडणं पिंजून काथ्या भरला. त्यातून मुंग्या निघाल्या. मग कुठूनतरी सावरीचा कापूस मिळाला, पांढरा शुभ्र, हलका. खोकं काठोकाठ भरलं. आवाज असा गोलसर आला की दाजींनी तंबाखू मळायची थांबवली.

परीक्षेला सहा पंच होते: दाजी, भजनी मंडळातले पेटी वाजवणारे बुवा, शाळेतल्या एक निवृत्त बाई, दोन कॉलेजची पोरं आणि मी. रत्नागिरीत ‘पेटी’ म्हटलं की आंब्याची, वाजवायची आणि स्पीकरची अशा तीन निघतात, त्यामुळे ‘कोणती पेटी बरी वाटली?’ ह्या प्रश्नावर बुवा आधी ‘माझी’ म्हणाले. नंतर मतं पडली. तीन उघडीला, तीन बंदला. बाई म्हणाल्या, पहिली ऐकताना वर्गात मुलं बोलतायत असं वाटलं आणि दुसरी ऐकताना हेडमास्तर. त्यांचं मत मुलांना पडलं. दाजींनी बंदला मत द्यायचं ठरवलं होतं. पडद्याआडचं त्यांना ओळखता आलं नसावं, कारण ते दिलं नेमकं उघडीला.

बरोबरी झाल्यावर अप्पांनी पुन्हा एक फेरी घेतली. ह्या वेळी पहिला आवाज बरा होता, पण दुसरा! दुसऱ्याने आम्ही सगळे सरसावून बसलो. खर्ज कमी, पण प्रत्येक तार वेगळी, जणू आवाजाच्या मागे अजून एक खोली उघडली होती. साही मतं दुसऱ्याला. ‘‘उघडी पाठ!’’ अप्पांनी विजयी मुद्रेने पडदा ओढला.

पडद्यामागे भाचा गोंधळून उभा होता. दोन्ही वेळा एकच खोकं वाजलं होतं, उघड्या पाठीचं. बंद खोक्याची वायर निघाली होती हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग फरक कसला? मंडळातल्या एका पोराने सांगितलं की मध्यंतरी आरतीचं ताट त्या खोक्यामागे राहिलं होतं, ते काढायला त्याने खोकं भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. बस्स, तेवढंच.

त्या रात्री अप्पा झोपले नाहीत. चिऱ्याच्या भिंतीपासून खोकं एक वीत, दोन वीत, हातभर, दोन हात असं सरकवत पहाटे चारपर्यंत ती जाड तार छेडत होते. (रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही, पण तक्रार कुणी करावी? आळीत सगळ्यांचे रेडिओ एकदा ना एकदा त्यांनीच फुकट दुरुस्त केलेले.) सकाळी मी गेलो तेव्हा डोळे लाल होते, चेहरा प्रसन्न.

‘‘चुकत होतो रे इतकी वर्षं,’’ म्हणाले. ‘‘पाठ उघडी की बंद, हे नंतरचं. पाठीशी कोण आहे, हे आधी बघायचं. भिंत हवी. फार जवळ नको, फार लांब नको. मांडवीला माझ्या पाठीशी कोण होतं? अरबी समुद्र. तोसुद्धा समोर.’’ असं म्हणून त्यांनी, मी पहिल्यांदाच बघत होतो, काकूंकडे बघितलं.

काकू दारात उभ्या होत्या. ‘‘माझ्या दोन उशा कुठे आहेत?’’ त्यांनी विचारलं. ‘‘सावरीच्या. माहेरून आणलेल्या.’’

पंपाचं तोंड बोटाने दाबल्यावर दट्ट्या कसा उसळतो ते मला त्या दिवशी समोर बघायला मिळालं. मी भाच्याला घेऊन निघून आलो.

उशांचा कापूस परत गेला, बंद खोकं पोकळ झालं. उघडं खोकं ओटीवर राहिलं आणि गणपतीनंतरच्या आठवड्यात आळीतल्या मांजरीने त्यात तीन पिल्लं घातली. लोहचुंबकाच्या मागे, गोणपाटाच्या तुकड्यावर. दाजींना ही बातमी कळायला दहा मिनिटं लागली. ‘‘पाठ असती तर आलं असतं का मांजर?’’ एवढं विचारून ते गेले. पुढे महिनाभर कारण नसताना ओटीवरून चकरा मारत. अप्पांनी वीस दिवस ॲम्प लावला नाही. पण शास्त्र सुटत नाही. पिल्लं आत असताना खोक्यावर टिचकी मारली की डब्यासारखा आवाज येत नाही, हे त्यांनी मला दाखवलं, आणि वर म्हणाले, ‘‘सावरीपेक्षा बरं. पण टिकाऊ नाही, मोठी होतात.’’

शेवटी दाजींनी तोड काढली. त्याच उघड्या खोक्याला मागे दोन छोटी दारं केली, पितळी बिजागऱ्या आणि कडी लावून, अगदी जुन्या घराच्या खिडकीसारखी. हवं तेव्हा उघडा, हवं तेव्हा लावा, एकच उघडा. एक दार उघडं ठेवून भाचा वाजवायचा ते मला सगळ्यात आवडायचं. अप्पांना विचारलं तर म्हणायचे, ‘‘अर्धवट आहे, पण आपल्याकडे तेच चालतं.’’

भाचा आता पुण्यात नोकरी करतो. यंदा मे महिन्यात आला तो हातात एक पत्र्याचा डबा घेऊन, मिसळणाच्या डब्याहून लहान. गिटार ह्यात जोडायची आणि ह्यातून वायर हेडफोनला. आत म्हणे जगातली शंभर खोकी भरलेली आहेत. फेंडर, व्हॉक्स, मार्शल, जे हवं ते. एक बटण फिरवलं की उघडी पाठ, फिरवलं की बंद. खोकं भिंतीपासून किती लांब, तेसुद्धा ठरवता येतं. भाच्याने मोठ्या प्रेमाने ते यंत्र अप्पांच्या हातात दिलं आणि हेडफोन त्यांच्या कानावर चढवला.

अप्पांनी बराच वेळ ऐकलं. बटण फिरवलं, परत फिरवलं. मान डोलावली, म्हणजे आवाज बरोबर होता. मग डबा उलटा केला. खाली चार रबरी गुट्ट्या आणि एक चिकटवलेला कागद, त्यावर बारीक अक्षरात काहीतरी. अंगठ्याने कागदाच्या कडेवरून फिरवून बघितलं, कुठे स्क्रू लपलाय का. नव्हता.

‘‘चांगलं आहे,’’ भाच्याला परत देत म्हणाले. ‘‘ह्याची निरांजन हलत नाही.’’

भाच्याला ते समजलं की नाही, कोण जाणे. त्याने विचारलं, ‘‘अप्पा, आपलं ते दारवालं खोकं कुठे आहे? रात्री दोन्ही लावून बघू.’’

अप्पांनी आत बघितलं. खोकं माजघरात होतं. बारा इंची स्पीकर काढून कपाटावर ठेवलेला, त्या भोकावर गोणपाट मारलेलं, आत भाताचा पेंढा, आणि पेंढ्यात काकूंनी घातलेली चार डझन हापूसची अढी. मागची दोन्ही दारं लावलेली.

‘‘एक दार उघडं ठेवू का गो, वाऱ्याला?’’ अप्पांनी विचारलं.

‘‘कडीला हात लावू नका,’’ काकू म्हणाल्या. ‘‘गुरुवारपर्यंत बंद.’’

अढीतला हा पहिलाच घाणा आहे. कलमांवर अजून दोन उतरायचे आहेत. तेवढे आंबे संपेपर्यंत त्या खोक्यातून गिटार ऐकू येणार नाही.